मी मुऱ्हाळी गेले ते वर्ष

आयुष्यात मी एकदाच मुऱ्हाळी गेले, आणि त्या एका दिवसात जेवढी भ्याले तेवढी पुढे डॉक्टरांनी नवऱ्याचं पोट फाडलं तेव्हासुद्धा भ्याले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी दिलेल्या बहिणीला माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. बाई मुऱ्हाळी गेल्याचं तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. पण आम्ही दोघी बहिणीच. दरसाल चुलतभाऊ जायचा, तो त्या वर्षी सुरतेला कामाला लागला आणि त्याचा निरोप आला की सुट्टी नाही. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. राहिली कोण? मी, आणि दारातली लाल फटफटी.

फटफटी चालवायला मी हौसेने शिकले असं आता भाच्यांना वाटतं. कसली हौस! आबांना दिसेनासं झालं आणि दुधाच्या कॅन डेअरीवर पोचवायला माणूस उरला नाही, म्हणून शिकले. आबांनीच शिकवलं. ते मागे बसायचे, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर, आणि शेताच्या वाटेवर आम्ही निघायचो. त्यांना पुढचं काही दिसत नसे, पण कान तिखट. मी तिसऱ्या गेरवर चढ चढायला लागले की मागून आवाज यायचा, "रडी ऱ्हायनी ती. ऐकू येत नही का? गेर बदल." एखाद्या बैलाबद्दल बोलावं तसं. माझी उंची बेताची, सीटवर बसलं की पायाचे चवडे तेवढे जमिनीला टेकायचे, त्यामुळे गाडी चालत असली की मी राणी आणि थांबवायची म्हटलं की पाय टेकायला दगड शोधायचे. डेअरीसमोर दोनदा आडवी झाले, दूध रस्त्याने वाहिलं. माय कपाळावर हात मारून घ्यायची. "पडशी ना येडी, हातपाय मोडी लेशी, मंग कोन करी तुन्हासंगे लगीन?" आबा म्हणायचे, "तुन्हं लगीन व्हयनं ना? तू ते सायकलवरथीन बी पडेल व्हती." माय कुरडया उलटायला गच्चीवर निघून जायची.

आखाजीच्या आधीचे ते दिवस मला अजून नाकाने आठवतात. गच्चीभर कुरडया आणि बिबड्या वाळत घातलेल्या, खाली चुलीवर सांजोऱ्या तळण्याचा वास, पाटीत आंबे. गल्लीतल्या कडुनिंबाला गडी माणसं दोर टाकून झोका बांधायची, आणि दोर ओढून बघताना फांदी करकरली की आम्ही घरातूनच ओळखायचो की झोका झाला. मंदाताईचं नाव दिवसातून दहा वेळा निघायचं. तिला गव्हाची कुरडई आवडते, बाजूला ठेव. तिला थंड पाणी लागतं, नवीन माठ आण. ताईला सातवा महिना होता. मागच्या वर्षी पाचव्यातच तिचं गेलं होतं, आणि तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने त्याबद्दल बोलत नसे, पण माय रोज दिवा लावताना जास्त वेळ हात जोडून उभी राहायची. एसटीने आणावं तर आखाजीच्या गर्दीत तीन गाड्या बदलून उभ्याने यायचं. काळीपिवळी जीपमध्ये तर माणसं पोत्यासारखी भरलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फटफटीवर हळू आणली तर चालेल. "हळू" हा शब्द मायने मला इतक्या वेळा ऐकवला की मला झोपेतही तो ऐकू यायला लागला.

आमच्या गल्लीतले मुऱ्हाळी एकत्रच निघायचे. त्या वर्षी आम्ही तिघं होतो. माझा दूरचा भाऊ गोटूदादा उषाला आणायला, समोरचा सुन्या लताला आणायला, आणि मी. तिन्ही बहिणी शहाद्याच्या पुढे, जवळजवळच्या गावांत दिलेल्या. गोटूदादा आमच्या गावात गाडी चालवण्यात पहिला. त्याने हात सोडून चालवलेली मी पाहिली होती, आणि तो वळणावर इतका झुके की बघणाऱ्याला धडकी भरावी. सुन्या त्याचा चेला. मी दोघांच्या मध्ये एवढीशी, डोक्याला मायची ओढणी घट्ट बांधून. निघताना आबांनी गोटूदादाचा आवाज आला तिकडे तोंड करून सांगितलं, "नवी शे रे ती. दखजो." गोटूदादा म्हणाला, "काका, काय फिकीर करतस? शोभे, तू फक्त मन्हा मांगे ये. मी जठे जासू तठे ये."

हे वाक्य मी आज एखाद्या पोराच्या तोंडून ऐकलं तर त्याच्या गाडीची किल्ली काढून विहिरीत टाकेन. त्या सकाळी मात्र मला तो मंत्र वाटला. नंदुरबार मागे पडलं आणि त्या दोघांनी गाड्या सोडल्या. माझी नजर गोटूदादाच्या मागच्या लाल दिव्याला चिकटली. रस्ता मी बघितलाच नाही. तो दिवा डावीकडे गेला की मी डावीकडे, तो उजवीकडे गेला की मी उजवीकडे. तो लहान व्हायला लागला की वाटायचं आता हे मला सोडून जाणार, मला पुढचे फाटे माहीत नाहीत, बाईमाणूस रस्त्यात उभी राहून कोणाला विचारू? मग मी मूठ पिळायचे. गाडी रडायची, मी ऐकायचे नाही. तो मला मागे वळून बघत होता का? एकदाही नाही. सुन्यानेही नाही. पुढे जाणाऱ्याला मागचा किती मागे पडला ते कळत नाही, आणि मागच्याला दुसरं काहीच कळत नाही.

प्रकाशा गावाच्या अलीकडे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर लागला. कडबा दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला की पलीकडचं काही दिसू नये. गोटूदादा सर्रकन बाहेर निघाला आणि पुढे गेला. सुन्या गेला. मीही गेले, कारण गोटूदादा जिथे जातो तिथे जायचं होतं ना! पण तो गेला तेव्हा रस्ता मोकळा होता, आणि मी गेले तेव्हा समोर एसटी होती. ट्रॅक्टरचं मोठं चाक माझ्या गुडघ्याशी फिरत होतं, कडब्याची धांडं गालाला ओरबाडत होती, आणि एसटीच्या ड्रायव्हरचं तोंड उघडलेलं मला स्पष्ट दिसलं. आवाज काही ऐकू आला नाही. ट्रॅक्टरवाल्याने बिचाऱ्याने ट्रॅक्टर मातीत उतरवला म्हणून आज हे लिहिते आहे. पुढे चहाच्या टपरीवर दोघं उभे होते. गोटूदादा हसत म्हणाला, "वा गं वाघीन! तयार व्हयनी आमनी पोर!" मी टपरीमागे जाऊन ओकले. तोंड धुताना एकच विचार होता, येताना माझ्या मागे ताई असणार.

ताईच्या सासरी मला कोणी नीट बघेचना. सासूबाईंनी दारातून फटफटी बघितली, मला बघितलं, आणि आत बघत म्हणाल्या, "तुमनाकडे माणसं सरनात का वं?"  पुढ्यात शेवभाजी, रस, पोळ्या, कुरडया, आणि मी नुसती पोळी कुस्करत बसले. ताई मात्र चुलीपासून माजघरापर्यंत अशी फिरत होती की जणू आत्ताच निघायचंय. तिचं पोट बघून मला रडू यायचं बाकी होतं. तिला काय माहीत, सकाळी काय झालं ते! सांगावं की नाही? सांगितलं तर ती येणार नाही, नाहीतर सासूबाई पाठवणार नाहीत, आणि गावात माय नवीन माठ भरून बसलेली. मी नाही सांगितलं. ताईच्या सासऱ्यांनी स्वतः सीटवर गोधडी चौघडी करून सुतळीने बांधली, डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत ठेवला आणि मला एवढंच म्हणाले, "बेटा, हयू लई जा. मांगला सालनं तुले माहीत शे." पुन्हा तेच 'हळू'. मी मान हलवली. मानेशिवाय माझं काही हललंच नसतं.

उन्हं कलल्यावर आम्ही फाट्यावर भेटलो आणि तिथे एक वेगळीच तऱ्हा सुरू झाली. उषा, लता आणि ताई एका गल्लीत वाढलेल्या, वर्षानं भेटलेल्या. त्यांना बोलायचं होतं. मग काय, तिघींनी भावांना हुकूम सोडला, गाड्या जोडीने चालवा! आणि खरंच आम्ही तीन फटफट्या रस्ताभर आडव्या, शेजारी शेजारी, आणि त्यांच्यावर मागे बसलेल्या तीन बाया आरडत ओरडत सासवांच्या चुगल्या सांगतायत. "काय म्हनी?" "आते नही! मांगे!" "अय माय वं!" मागून ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून थकला. गोटूदादाचं हँडल माझ्या हँडलपासून वीतभर. उषाने तर मध्येच हात लांबवून ताईच्या हातात चिंच दिली. मी पुतळ्यासारखी ताठ, खांद्यांत गोळे आलेले, जरा इकडे गेलं तर गोटूदादा, जरा तिकडे गेलं तर खड्डा. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा देवाचं नाव घेत होते, आणि देवही आठवेना, नुसतं "हे देवा, हे देवा" चाललेलं.

नंदुरबारला रस प्यायलो. मला वाटलं, सुटलो, आता घर आलंच. पण खरी काळजी तिथूनच पुढे होती. आमच्या गल्लीत एक रीत होती. ज्या बहिणीची गाडी गल्लीत आधी शिरेल तिचा कडुनिंबावरचा पहिला झोका. बैलगाड्या होत्या तेव्हापासूनची म्हणतात. बैल पळून पळून किती पळणार? फटफट्या आल्या तरी रीत तीच राहिली आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की बैल आणि फटफटी यांत काही फरक असतो. शहर सुटलं, वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून आलेल्या वाऱ्याने सगळ्यांना ठसका लागला, बायांनी पदर नाकाला लावले, आणि गोटूदादाने सुन्याकडे बघून एक डोळा मारला. झालं. दोन्ही गाड्या सुटल्या. उषा किंचाळली ती आनंदाने.

मी नाही सुटले. मी ठरवलंच होतं. पण मागून ताई माझ्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली. "शोभे, काढ ना पुढे! त्या गयात ना!" मी म्हटलं, "जाऊ दे त्यास्ले." "पहिला झोका मालेच पाहिजे," ताई म्हणाली. मी म्हटलं, ताई, डोकं फिरलं का तुझं? तर माझी ती गरीब, गोगलगाय बहीण एकदम रडायलाच लागली. धावत्या गाडीवर. "वरीस जायनं, हयू चाल, हयू बठ, हयू ऊठ. सासू तेच, नवरा तेच, डॉक्टरीन तेच. आते तू बी तेच? मी काय काचनी शे का?" तिचं नाक माझ्या पाठीला घासत होतं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आणि खरं सांगते, पुढच्या दोन गाड्यांची धूळ बघून मलाही आतून ओढ लागली होती. मागे पडण्याची भीती ही मोठी वाईट भीती असते, ती तुम्हाला विचार करू देत नाही. मी मूठ थोडी पिळली. फार नाही, थोडीच. आणि पुन्हा तो लाल दिवा शोधायला लागले.

आम्ही सकाळी गेल्यावर पाण्याचा पाइप न्यायला कोणीतरी रस्ता आडवा खोदून वर मातीचा उंच वरंबा टाकून ठेवला होता. त्या दोघांच्या गाड्या त्यावरून उडाल्या, उषाचा पदर वर उडालेला मला दिसला. मी ब्रेक दाबला, बराच दाबला, तरी पुढचं चाक आदळलं आणि मग मागचं. ताई "अय माय" म्हणाली.  मी विचारलं, लागलं का?  थोडं पुढे गेल्यावर तिचा आवाज आला, आणि तो इतका बारीक होता की इंजिनात बुडावा. "शोभे, थांब ना. पोटमा काहीच हाली नही ऱ्हायनं."

थांब म्हणाली. तिथे रस्ता उताराचा, कडेला वाळू, माझे पाय टेकायची पंचाईत, मागे ती एवढ्या पोटाची. गाडी कलंडली तर? पुढे ते दोघं आधीच वळणाआड गेलेले, हाक मारून ऐकणारं कोणी नाही. त्या क्षणी वाटलं की थांबू नये, जावं तसंच, सरळ गावात, दवाखान्यात, मायकडे, जिथे माझ्यापेक्षा कोणीतरी मोठं असेल तिथे. पण ती पुन्हा म्हणाली, "थांब." मग मी थांबले. कशी थांबले देव जाणे. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, एक पाय वाळूत घसरवत, दात आवळून. गाडी कलली आणि मी सगळा जीव त्या एका मांडीत घालून ती धरली. ताई उतरली तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

बाभळीखाली गोधडी पसरली आणि तिला डाव्या कुशीवर निजवलं. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलेलं तिला आठवत होतं, म्हणजे ती आधीही अशी घाबरलेली असणार. सासऱ्यांनी दिलेला लाडू तिने कसाबसा खाल्ला, बाटलीतलं कोमट पाणी प्यायली. मग आम्ही वाट बघायला लागलो. रस्त्याने एक सायकलवाला गेला, एक बकऱ्यांचा कळप गेला. मी तिच्या तोंडाकडे बघायची, ती आभाळाकडे. "रोज या वख्तले हालस," ती म्हणाली. मग म्हणाली, "मागली टायमाले बी असंच गप व्हयेल व्हतं."  मी तिचे पाय दाबायला लागले, दुसरं काय करणार? ती मला म्हणाली, "तू रडू नको ना येडी, माले डर लागस." मी रडत होते ते मला तोवर माहीत नव्हतं. उन्हाचा चटका कमी झाला, सावली लांबली, आणि काहीही होत नव्हतं. माणसाच्या जन्मात किती वाट बघणं असतं! बसची, निकालाची, दवाखान्याच्या बाकड्यावरची. मी सगळ्या बघितल्या. त्या बाभळीखालच्या वाटेइतकी लांब कोणतीच नव्हती.

आणि मग ताईने एकदम माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. माझा तळवा तिने पोटाच्या उजव्या अंगाला दाबून धरला. "दख," ती कुजबुजली. काही नाही. मग आतून एक टिचकी. मग चांगली जोराची लाथ, माझ्या तळव्यावर, कोणाला तरी राग आल्यासारखी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो आणि हसता हसता हमसाहमशी रडलो. मी त्या पोटाला चक्क शिवी दिली. ताई म्हणाली, "मावशी शे ना तू, असं बोलतस का?"

तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. गोटूदादा एकटाच परत आला होता. उषा आणि लता गल्लीत उतरल्या, मायने विचारलं मन्ही मंदा कोठे शे, आणि मग त्याला मागे बघायची आठवण झाली. तो दुरूनच ओरडला, "काय व्हयनं? गाडी बंद पडनी का?" ताईने बसल्या जागेवरून त्याला सगळं सांगितलं. वरंब्याचं, न हलण्याचं, मागच्या वर्षीचंही. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याची कीव आली. पट्टीचा चालवणारा तो, पण गाडी स्टँडला लावताना त्याच्याकडून दोनदा चुकलं. मग खाली मान घालून तो म्हणाला, "मंदा, चाल, मन्ही गाडीवर बठ. मी धीरे लई जासू तुले. हाई नवी शे, हिन्हा हात कापी ऱ्हायनात."  आणि मला, देवाशपथ, एवढं बरं वाटलं! ने बाबा, ने तिला. माझ्याने आता होत नाही. मी गोधडीची सुतळी सोडायलासुद्धा लागले.

ताई उठली. पदर खोचला. गोटूदादाच्या गाडीपाशी गेली नाही. माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि सीटवर हात ठेवून म्हणाली, "नही. मी शोभीनीच गाडीवर येसू."

"अवं पन तिले कोठे येस चालवता?" गोटूदादा म्हणाला.

"तिले थांबता येस," ताई म्हणाली. "तू मांगे ये."

मी सुतळी पुन्हा बांधली. किक पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदाही नाही. कोणी घाई केली नाही.